चर्चचं सेवाकार्य आणि आपण इंदूरकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी आणि शनिवारी मी इंदूरच्या एका चर्चच्या आवारातल्या स्वयंपाकघरात भाजी चिरते. मी त्या चर्चची सभासद नाही. घरी गणपती बसतात, गौरी जेवतात, सगळं रीतसर. त्यामुळेच असेल, पण भिशीत, हळदीकुंकवात, भाजीच्या गाड्यावर मला तेच तेच प्रश्न विचारले जातात; काही काळजीने, काही खोचकपणे, काही मनापासून मदत करायची म्हणून. एकदाचं लिहून ठेवलेलं बरं. उत्तरं माझी आहेत, चर्चच्या वतीने दिलेली नाहीत.

१. तुम्ही तिथे नेमकं करता तरी काय?

मुगाची खिचडी. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोनकडून माणसं आपला पेशंट घेऊन एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, येतात. पेशंटला खाट मिळते, सोबतच्या माणसांची सोय त्यांची त्यांनाच बघावी लागते. कोणी आवारात चादर पसरतं, कोणी फुटपाथवर. तीन दिवसांसाठी म्हणून आणलेले पैसे दीड दिवसात संपतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी गरम खिचडी, हिवाळ्यात ब्लँकेट, आणि कोणाला परतीच्या बसचं भाडं कमी पडलं तर तेवढं. चर्चकडून आणखीही कामं चालतात: शिवणवर्ग, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करणं, परीक्षेच्या दिवसांत मुलांना बसायला जागा. पण मला नीट माहिती आहे ती खिचडीची.

२. चर्च म्हणजे एकच संस्था ना? लाल चर्च काय, पांढरं चर्च काय!

नाही. लाल चर्च कॅथलिक, तर व्हाइट चर्च प्रोटेस्टंट परंपरेतलं, आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे. ही दुसरी संस्था १९७० मध्ये नागपूरला सहा निरनिराळे पंथ एकत्र येऊन झाली. कॅथलिकांचा कारभार वेगळा. इंदूरचा त्यांचा धर्मप्रांत १९५२ चा. शिवाय पेंटेकोस्टल आणि इतर लहान मंडळ्या आहेत. प्रत्येकाचे विश्वस्त, बँक खातं, पावतीपुस्तक निरनिराळं. म्हणून 'चर्चला पैसे दिले' असं कोणी म्हणालं की माझ्यातली बँकवाली लगेच विचारते, कोणत्या?

३. हे सगळं इंदूरमध्ये कधीपासून आहे?

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे रेव्हरंड जे. एम. डग्लस १८७७ मध्ये इंदूरला आले. सुरुवातीची वर्षं कडूच गेली. बाजारात उभं राहून उपदेश करण्यावरून होळकर दरबाराशी खटके उडत. आपलं राज्य, आपली रयत, हे कोण येऊन आम्हाला शिकवणार, ही दरबाराची भावना आजही समजण्यासारखी आहे.

मग १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून त्याच वर्षी डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तीन स्त्रियांपैकी एक. दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या. ज्या घरांतल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे मनगटसुद्धा पडद्याबाहेर काढत नसत, त्या घरांत या दोघींना माजघरापर्यंत वाट मिळाली. बाळंतपणात आई आणि मूल दोन्ही हाती लागणं म्हणजे त्या काळी काय होतं, ते आपल्या पणज्यांना ठाऊक होतं. पुढे इंदुरात बायकांसाठी मिशनचं हॉस्पिटल झालं. धारला डॉ. मार्गारेट ओहारा यांनी दवाखाना चालवला आणि कुष्ठरोग्यांकडेही पाहिलं. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ माळव्यात अजून 'छपन्या' म्हणून लोकांच्या तोंडी आहे. त्या वर्षी मिशनने उपाशी पोरं गोळा करून सांभाळली. (त्यावरचा अवघड प्रश्न क्रमांक ६ मध्ये.)

शाळा-कॉलेज हा आणखी एक धागा. रेव्हरंड विल्की यांनी सुरू केलेलं इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. किशोरकुमार तिथे शिकले आणि कँटीनची उधारी ठेवून गेले, हे इंदुरात शेंबडं पोरही सांगतं. त्या कॉलेजात शिकलेल्या मराठी कारकुनांची, मास्तरांची, वकिलांची गणती कोण करणार? माझे सासरेही त्यातलेच. त्यांच्या तोंडून मिशनबद्दल वाईट शब्द मी कधी ऐकला नाही, आणि ते एकादशी कधी चुकवत नसत.

४. मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध? हे तर इंग्रजी किंवा केरळी प्रकरण वाटतं.

माझ्या शेजारच्या काकूंना हे खरंच वाटायचं. पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्यावर गप्प झाल्या. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या, निराधार मुली-बायका घेऊन आल्या आणि त्यांना पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदनात ठेवून शिकवलं, कामाला लावलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई तर आपल्या घरातलेच. अलीकडचं नाव हवं असेल तर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. १९७० मध्ये दोघं नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले. दवाखाना थाटून पेशंटची वाट बघत बसण्यापेक्षा त्यांनी गावागावांतल्या, बहुतेक अक्षरशत्रू असलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मिरजेच्या मिशनच्या वॉनलेस हॉस्पिटलबद्दल तर कोल्हापूर-सांगलीकडच्या नातेवाइकांना विचारा.

५. आम्ही हिंदू आहोत. आलो तर प्रार्थनेला बसावं लागेल का?

नाही. काम सुरू होण्याआधी त्यांच्यातलं कोणीतरी मिनिटभर प्रार्थना म्हणतं. मी तेव्हा हातातली सुरी खाली ठेवते, इतकंच. कोणी मी काय म्हणते, म्हणते की नाही, ते पाहत नाही. मनात 'वदनी कवळ घेता' म्हणून टाकते. खिचडीच आहे शेवटी. आमच्यात एक बोहरा मुलगी आहे, दोन शीख भाऊ आहेत, मराठी तर सहा जण आहोत. चर्चची माणसंच कधीकधी कमी भरतात. नाताळात केक घरी येतो आणि संक्रांतीला तिळगूळ तिकडे जातो.

६. खरं सांगा, खिचडीमागे धर्मांतर नसतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा आवाज खाली करून.

आधी कायदा. मध्य प्रदेशात याविषयीचा कायदा १९६८ पासून आहे. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा, जास्त कडक कायदा आला. जबरदस्तीने, फसवून किंवा आमिष दाखवून धर्मांतर करणं हा गुन्हा आहे. आमिषाची व्याख्या मोठी आहे: भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नावाजलेल्या शाळेत शिक्षण, सगळं त्यात बसतं. म्हणजे 'आमच्यात या, खिचडी घ्या' असं कोणी म्हणालं तर ते तुरुंगात नेणारं वाक्य आहे.

आता इतिहास, कारण तो लपवण्यात अर्थ नाही. मिशन आलं ते धर्म सांगायला. दवाखाना आणि शाळा हे काहींच्या दृष्टीने त्या वाटेवरचेच टप्पे होते. छपन्यात सांभाळलेली पोरं मिशनच्या वसतिगृहात वाढली आणि त्यांतली बरीच ख्रिस्ती झाली. पोटात अन्न नसलेल्या सात वर्षांच्या मुलाला 'निवड' होती असं मी म्हणणार नाही. पण त्याला उचलणारं दुसरं कोणी तेव्हा रस्त्यावर होतं का, हाही प्रश्न मला पडतो. दोन्ही प्रश्न मी उशाशी ठेवलेत. १९५० च्या दशकात राज्य सरकारने न्यायमूर्ती नियोगी समिती नेमली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. मिशनांवरची कडक टीका वाचायची असेल तर तो अहवाल आहे. टीकेची बाजूही नुसती ऐकून नाही, स्वतः वाचून मग मत बनवावं, असं मला वाटतं.

आणि आज, मी जिथे भाजी चिरते तिथे? वाढणाऱ्यांसाठी तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. जेवायला आलेल्याचं नाव, गाव, जात विचारायची नाही. पत्रकं वाटायची नाहीत. कोणी आपणहून देवाधर्माचं विचारलं तरी रांगेत उत्तर द्यायचं नाही. इतक्या वर्षांत हे मोडलेलं मी एकदा पाहिलं: एका नव्या उत्साही मुलाने खिचडीबरोबर छोटी पुस्तिका दिली. पास्टरांनी त्याला त्याच दिवशी भांडी घासायला पाठवलं आणि पुढचे दोन महिने वाढायला उभं केलं नाही. दुसऱ्या ठिकाणी काय चालतं, त्याची हमी मी देऊ शकत नाही. तुम्ही जाल तिथे हाच प्रश्न तोंडावर विचारा. प्रामाणिक माणूस चिडत नाही.

७. राणी मारिया कोण? लाल चर्चजवळ नाव ऐकलं.

सिस्टर राणी मारिया वट्टालिल. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या भूमिहीन शेतमजुरांबरोबर काम करत. बायकांचे बचतगट, सरकारी योजनांचे कागद, बँकेचं कर्ज. ऐकायला किती साधं! पण गावातला माणूस सावकाराऐवजी बँकेत गेला की सावकाराचं व्याज बुडतं. त्या हितसंबंधांनी त्यांचा काटा काढला. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, त्यांना भोसकलं. अंगावर चोपन्न जखमा होत्या. वय एक्केचाळीस.

पुढचं मला जास्त विचार करायला लावतं. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ मध्ये इंदूरच्या तुरुंगात गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला. २००६ मध्ये तो सुटला. नंतर केरळला जाऊन त्यांच्या आईलाही भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्याचा सोहळा झाला. कॅथलिक परंपरेत संतपदाच्या आधीची ती पायरी.

माझ्या एका भाचीने विचारलं, "मावशी, तू असं माफ करशील?" मी म्हटलं, नाही. हे उत्तर अजून बदललेलं नाही.

८. घरातले जुने कपडे, उरलेली औषधं, लग्नातलं अन्न आणून देऊ का?

कपडे: धुतलेले, बटणं शाबूत, आणि तुम्ही स्वतः घालून भाजी आणायला जाल असे. आतले कपडे फक्त नवे. पेशंटच्या सोबतच्या बायकांना साडीपेक्षा परकर आणि टॉवेल जास्त लागतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

औषधं: नको. अर्धी कापलेली पट्टी, जिच्यावरची तारीखही कापली गेलीय, ती कोणाच्या भरवशावर द्यायची? पैसे द्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणता येतं.

लग्नातलं अन्न: पंगत उठायच्या आधी फोन करा, उठल्यावर नाही. मे महिन्यात डाळ आणि पनीर सगळ्यात आधी दगा देतात. पुरी, कोरडी भाजी, बुंदी चालेल. रात्री अकरानंतर आणलेलं आम्ही घेत नाही. राग आला तर यावा.

९. मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करायचा आहे. केक, फुगे, फोटो...

केक पाठवा. फुगे पाठवा. फोटो नाही. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही छापणं-दाखवणं बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने मना आहे, आणि मोबाइलवरचं स्टेटस हेही दाखवणंच. कायदा सोडा, आठ वर्षांच्या मुलीने दर रविवारी नव्या अनोळखी मुलाच्या वाढदिवसाला टाळ्या का वाजवायच्या? त्यापेक्षा बालगृहाला विचारून त्यांच्याकडच्या मुलांच्या वाढदिवसांपैकी एक तुमच्याकडे घ्या.

१०. तिथूनच मूल दत्तक मिळेल का? ओळख आहे तुमची.

ओळखीने दत्तक मिळत नाही. कोणी देतो म्हणाला तर पळा. रस्ता एकच: केंद्राच्या 'कारा' या प्राधिकरणाकडे नोंदणी. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने तर २०१५ मध्ये नवे नियम आल्यावर देशातलं दत्तकाचं काम बंद केलं.

११. पैसे दिले तर करसवलत मिळते का?

संस्थेकडे ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, नोंदणी असेल तर, आणि तुम्ही जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. रोख दोन हजारांपेक्षा जास्त दिलेत तर त्या रकमेवर सवलत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय. पावतीवर थांबू नका, १०बीई हे प्रमाणपत्र मागून घ्या. आणि चर्चच्या दानपेटीत टाकलेलं आणि सेवासंस्थेला दिलेलं यांत गल्लत करू नका. पेटीतल्याची पावती मागाल तर देवळातल्यासारखेच हसतील.

१२. मुलगा अमेरिकेत आहे. तो पाठवू शकतो?

इथे मोठमोठे चुकतात. मुलगा अजून भारतीय नागरिक असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगीत धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी तो कायद्याने परदेशी. मग ती रक्कम फक्त विदेशी योगदान कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला, आणि तीही त्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. 'आईच्या खात्यात टाकतो, आई देईल' ही पळवाट सुचवू नका. परकी देणगी हातोहात फिरवली म्हणून तिचा रंग बदलत नाही, आणि अडचणीत संस्था येते. आम्ही अशा दोन रकमा परत केल्यात. एक बरीच मोठी होती. त्या महिन्यात खिचडीत भाज्या कमी पडल्या.

१३. आईच्या नावाने पाटी लावाल का? निदान बॅनर?

पहिल्या वर्षी मी स्वतःच बॅनर करून नेला होता. आमच्या मराठी मंडळींचं नाव, फुलांची नक्षी, मध्ये हात जोडलेले. स्वयंपाकघर बघणाऱ्या सिस्टरने तो शांतपणे उघडला, कापड हाताने चाचपलं आणि म्हणाली, "मजबूत है." संध्याकाळी पाऊस आला. पेशंटच्या सोबतच्या एका कुटुंबाच्या डोक्यावर माझा बॅनर ताणून बांधलेला होता, अक्षरांची बाजू आत. अजूनही कुठेतरी असेल.

तर पाटी नाही. आपल्याकडे गुप्तदान म्हणतात, त्यांच्याकडे या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात. आईच्या तिथीला त्या दिवसाच्या तांदळाचे पैसे द्या आणि स्वतः येऊन वाढा.

१४. एवढं करून हाती काय लागतं? लोक विसरतात हो.

विसरतात. बहुतेक सगळेच. आणि विसरावंच; आजारपणाची रात्र कोणी जपून ठेवत नाही.

पण एक सांगते. परवाच्या उन्हाळ्यात आमच्या भागात नर्मदेचं पाणी चार दिवस आलं नाही. टँकरवाल्याचा भाव दुप्पट. स्वयंपाकघरात पिंप कोरडी. पाचव्या दिवशी एक टँकर न बोलावता फाटकाशी येऊन थांबला. ड्रायव्हरने पाइप टाकला, पिंपं भरली, पैसे घेईना. विचारलं तर एवढंच म्हणाला की त्याची आई सहा रात्री इथे जेवली होती, वडील वॉर्डात असताना. कोणत्या साली? त्यालाही नीट आठवेना. आमच्याकडे तर नावच नव्हतं, कारण नाव विचारायचंच नसतं (प्रश्न ६). तो कोणत्या देवाला मानतो, तेही कळलं नाही. पाणी भरून झाल्यावर आपल्या वाटेने गेला, आणि बिल चढवायला माझ्याकडे रकानाच नव्हता. मी वहीत लिहिलं: पाणी, एक टँकर, जमा.

हे दर वेळी घडत नाही. टँकर येईल म्हणून खिचडी केली असती तर कधीच बंद पडली असती.

१५. गैरप्रकार दिसला तर? चर्चच्या विरोधात बोलायला संकोच वाटतो.

संकोच कसला? मुलाबाबत काही खटकलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आधी कोणाची परवानगी मागू नका. पैशाबाबत असेल तर विश्वस्तांना लेखी द्या आणि प्रत ठेवा. चांगल्या कामाचं नाव पुढे करून कोणी तुम्हाला गप्प बसवत असेल, तर तेच पहिलं खटकण्यासारखं.

१६. रक्तदान चालेल का?

हो, शिबिर असतं. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. दोन वेळांत पुरुषांनी तीन महिन्यांचं, बायकांनी चार महिन्यांचं अंतर ठेवायचं. उपाशी येऊ नका. सकाळी पोहे खाऊन या, जिलेबी नंतर.

१७. यायचं ठरवलं. काय आणू, केव्हा येऊ?

बुधवारी दुपारी तीनला. अंगठ्या घरी ठेवा, केस बांधा, स्वतःची सुरी आणा कारण तिथल्या सगळ्या बोथट आहेत. पहिल्या दिवशी वाढायला मिळणार नाही, म्हणून रुसू नका. पहिला दिवस कांद्याचा असतो.